ताटातली बचावफळी

साडूभाऊ, तुम्ही चूक होतात.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले तीन आठवडे नांदेडात जो तो उलटंच सांगत सुटलाय. जिवंत होतात तेव्हा ग्राउंडच्या त्या भिंतीवर तुमच्या बाजूनं बोलायला तीन माणसं मिळत नव्हती. आता सगळा गावच तुमच्या बाजूचा. व्यंकटराव म्हणायचे तेच खरं होतं, व्यंकटरावांना फुटबॉल कळायचा, हबीब उस्तादांच्या जागी दुसरा कोच आणला आणि क्लबची रया गेली. ज्यांनी माझ्या निवेदनावर माझ्याच पेनानं सह्या केल्या, तेसुद्धा डोळे पुसत हेच बोलतात. माणूस गेला की त्याचं सगळं बरोबर, ही कुठली रीत? तीस वर्षं गणिताचे पेपर तपासले, असे मार्क मी कुणाला दिले नाहीत. तुम्हालाही देणार नाही.

आणि मला तुमचा राग आलाय, तोही सांगतो. भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. मॅच चालू असताना ग्राउंड सोडून जाणाऱ्याला काय म्हणतात हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही, पण रोज सकाळी चहा पिताना मी तो तुम्हाला उद्देशून एकदा म्हणतो. मंगल ऐकते आणि कप उचलून नेते.

माझी मंगल थोरली, तुमची शोभा धाकटी. म्हणजे औशाच्या सासुरवाडीत मी थोरला जावई. पण वयानं तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यामुळे आपल्या दोघांत मान कुणाचा, याचा निकाल एवढ्या वर्षांत लागला नाही. लग्नकार्यात फेटा आधी कुणाला बांधायचा यावरून आपण दोघं असे तोंड फिरवून बसायचो की शेवटी सासरे दोन फेटेवाले बोलवायला लागले. एकाच वेळी सुरू करायचं आणि एकाच वेळी संपवायचं. तुमचा फेटेवाला जरा हात चालवून पुढे गेला की मी माझ्याकडे बघायचो. लोक हसायचे, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही हसू यायचं. तेव्हा यायचं.

तुमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाचा दिवस आठवतो? पूजा नांदेडला, तुमच्या घरी. मी लातूरहून सकाळच्या एसटीनं आलेलो, नव्या साडूला जरा तोऱ्यात भेटावं म्हणून इस्त्रीचा सफारी घालून. चौथा अध्याय चालू होता. तुम्ही पाटावरून उठलात, हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेलात आणि खिडकीतून मला खूण केलीत. मला वाटलं काही अडचण आहे. मागं आलो तर तुम्ही सोवळं बदलून लुंगी गुंडाळून तयार.

"गुरुजी, चला. सेमीफायनल हाय."

"अहो, पूजा चाललीये."

"पाचवा अध्याय व्हायला लई टाइम हाय. आरतीला येऊ की."

आरतीला आपण आलो नाही. ग्राउंडच्या मागच्या भिंतीवर, गोलच्या पाठीमागे, तुमच्या हातांना हळद आणि माझ्या सफारीला चुना, अशा अवतारात आपण पूर्ण मॅच बघितली. मला तोवर फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लातूरला आम्ही क्रिकेट आणि कबड्डीवाले. तुम्ही त्या दिवशी मला बॉल बघूच दिला नाहीत. "बॉल सगळेच बघतेत. तुमी आपल्या बॅककडं बघा. तो कुणाला धरून चाललाय ते बघा." त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की बॉलपासून दूर, कुणाचं लक्ष नसतं तिथे, एक माणूस दुसऱ्या माणसाच्या मागे नव्वद मिनिटं सावलीसारखा फिरत असतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. घरी गेल्यावर शोभा आठ दिवस तुमच्याशी आणि मंगल आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या आयुष्यात फुटबॉल तुम्ही आणलात. त्याचे आभार तुमच्या तोंडावर कधी मानले नाहीत. आता मानतो, आणि पुढे भांडतो.

तेव्हापासून महिन्यातले निदान दोन रविवार मी नांदेडला. अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आपला क्लब कधी मोठा नव्हता. पण आपल्या क्लबची बचावफळी जिल्ह्यात गाजलेली, कारण ती हबीब उस्तादांच्या हाताखालची. उस्तादांची शिकवण एका वाक्याची. "बॉल जाने दो, आदमी नक्को छोडो." प्रत्येक बॅकला एक माणूस ठरवून द्यायचा आणि तो माणूस पाणी प्यायला गेला तरी याने मागे जायचं. तुम्ही स्वतः तरुणपणी उस्तादांच्या बरोबरीनं खेळलेले. उस्ताद मधला बॅक आणि तुम्ही डावा. ते वाक्य तुमच्यासाठी मंत्र होतं, आणि मंत्राशी वाद घालता येत नाही, हीच माझी अडचण होती.

कारण मला दिसत होतं. समोरचे संघ बदलले होते. त्यांचे पुढचे खेळाडू जागा बदलून आपल्या बॅकना फिरवायचे, इकडचा तिकडे ओढून न्यायचे आणि रिकाम्या जागेतून तिसराच यायचा. आपण गोल खायला लागलो. तुम्ही म्हणायचात पोरं आळशी झाली. मी म्हणायचो पद्धत जुनी झाली. माणूस नाही, जागा राखायची. चौघांनी एका रेघेत उभं राहायचं, रेघ एकत्र पुढे, एकत्र मागे. ज्याच्या जागेत माणूस येईल त्याने तो घ्यायचा.

"रेघ मारून माणूस थांबतो का, गुरुजी? तुमचा फळा न्हाई हा."

मग क्लबनं बचावाला नवा कोच आणायचा विचार चालवला असं कानावर आलं. नाव आलं आदित्यचं. लातूरचा पोरगा, माझ्याच वर्गात बसलेला, नंतर पुण्याला जाऊन कोचिंगचा कोर्स केलेला. तुम्ही लगेच म्हणालात की माझा विद्यार्थी म्हणून मी त्याची बाजू घेतो. अहो, सहामाहीला मी त्याला नापास केला होता. "लातूरवाल्यांना वाटतंय जगातली समदी गोष्ट ट्यूशननं येती," असं तुम्ही भिंतीवर सगळ्यांसमोर म्हणालात, आणि लोक हसले. ते मला लागलं. मी त्या रात्री घरी गेलो आणि निवेदन लिहिलं.

आपल्याकडे निवेदन ही काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. 'समस्त फुटबॉलप्रेमी नागरिक' असं वर लिहिलं, खाली बेचाळीस सह्या गोळा केल्या. बचावफळीच्या प्रशिक्षणात काळानुरूप बदल करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. आंदोलन म्हणजे काय करणार होतो देव जाणे. तुमच्याकडे कागद घेऊन आलो तेव्हा तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलात, एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून दाखवलीत आणि परत दिलात.

"सही करत न्हाई. आन तुमीबी देऊ नका, गुरुजी. उस्ताद म्हातारा माणूस हाय."

मी दिलं. क्लबच्या अध्यक्षांना नऊ जणांनी मिळून एक कागद दिला, एकाच कागदाला नऊ हात. फोटो पेपरात आला. माझी फक्त चार बोटं आणि अर्धा चेहरा, पण बातमीत नाव पूर्ण होतं. पंधरा दिवसांत उस्तादांनी कोचपद सोडलं, आदित्य आला. मी कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि शोकेसमध्ये लावलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. एका गणिताच्या मास्तरानं लिहिलेल्या कागदानं संघाची बचावफळी बदलली, ही माझ्या आयुष्यातली एकमेव मर्दुमकी होती.

आणि मग आला धोंड्याचा महिना.

तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना जावयांचा. औशाला सासूबाईंनी आपल्या दोघांना सोबतच बोलावलं, नेहमीसारखं. दोन पाट, दोन समया, दोन सारखे टॉवेल-टोपी. ताटं सारखी, कारण पुरणाचा एक धोंडा कमी-जास्त झाला तर काय होतं ते त्या माउलीला ठाऊक होतं. सासरे, मेहुणे, शेजारचे चार लोक, बायका दारात. पहिला घास घेताच मी निवेदनाची गोष्ट काढली. तुम्ही मुकाट्यानं तूप वाढून घेतलंत. मी थांबलो नाही. ताटातले चार धोंडे घेऊन मी एका ओळीत मांडले.

"हे बघा. ही आदित्यची रेघ."

तुम्ही तुमची तुपाची वाटी उचललीत आणि माझ्या ताटात आणून ठेवलीत. "हा त्यांचा स्ट्रायकर. याला कोण धरणार?"

"ज्याच्या जागेत येईल तो."

तुम्ही वाटी सरकवत दुसऱ्या आणि तिसऱ्या धोंड्याच्या बरोबर मधे नेलीत. "आन दोघांच्या मधी आला तर?"

"तर ते दोघं बोलतील. एक म्हणेल मी घेतो, दुसरा मागे राहील. पद्धतच तशी आहे. बोलत राहायचं."

"आन दोघं बोलले न्हाई तर?"

वाटी तशीच दोन धोंड्यांच्या मधे. सगळे माझ्याकडे बघत होते. एक मेहुणा हसला. मला उत्तर सुचलं नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं नाही, म्हणून जे तोंडाला आलं ते बोललो.

"तुम्ही नका विचारू, साडूभाऊ. तुम्हाला एकच माणूस धरायचा होता त्या फायनलला. तो तरी कुठे धरलात?"

ती फायनल मी पाहिलेली नाही. तुमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची. शेवटच्या मिनिटाला तुमचा माणूस सुटला आणि क्लब हरला, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं, एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना, दुसरं कुणी नव्हतं तेव्हा. ते मी औशाला, भरल्या पंगतीत, तुमच्या बायकोसमोर काढलं.

तुम्ही पाण्याचा तांब्या घेतलात, ताटातच हात धुतलात आणि उठलात. जावई धोंड्याच्या ताटावरून उठला! सासूबाईंच्या हातातला झारा खाली पडला. शोभा तुमच्या मागे पायऱ्यांपर्यंत पळाली. तुपाची वाटी माझ्या ताटातच राहिली.

चूक माझी होती हे कबूल. पण ताटावरून तुम्ही उठलात. अन्नाचा अपमान, सासूचा अपमान, माझाही. म्हणजे फोन आधी कुणी करायचा? बोलला तो करेल की उठला तो? वयानं लहान तो की मानानं लहान तो? मंगल म्हणाली, "तुमी दोघं लई शाणे हाव. करा कुणीतरी एकानं." मी म्हटलं पुढच्या धोंड्याला बसतीलच की शेजारी, तेव्हा बघू. शोभाकडून कळलं की तुम्हीही हेच म्हणालात. तीन वर्षं! आपण दोघंही त्या पाटाच्या भरवशावर बसलो. असली चूक आपल्यासारखेच करू जाणोत.

रविवारी मी येतच राहिलो, पण भिंतीवर नाही. मी मधल्या रेघेजवळ, कडुलिंबाखालच्या पायऱ्यांवर बसायला लागलो. तिथून चौघांची रेघ कशी सरळ दिसते म्हणून सांगू. तुम्ही समोर भिंतीवर, एकटे. आपली टीम गोल खायची तेव्हा तुम्ही दोन्ही हात वर करून माझ्या दिशेनं बघायचात. आपण ऑफसाइड काढला की मी उभा राहून टाळ्या वाजवायचो, तुम्हाला दिसतील अशा. तुमच्या घरापासून ग्राउंड दहा मिनिटांवर, आणि मी तीन वर्षं तुमच्या घरचा चहा न पिता स्टँडवर जाऊन गाडी धरत होतो.

मग तो फोन आला. तुमच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात ठेवलंय. मंगल पहिल्या गाडीनं निघाली. "चला की," म्हणाली. मी म्हटलं, "तू हो पुढे. मला बोलावलंय का त्यांनी?" तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहीत नाही. दिवसभर मी फोन हातात घेऊन बसलो. संध्याकाळी तिनं सांगितलं की तुम्ही शुद्धीवर आहात, थोडं बोलताय.

"माझं काही विचारलं?"

"विचारलं, लातूरहून कोण कोण आलंय. मी म्हटलं, मीच."

"मग?"

"मग काय. 'बरं' म्हणाले आन तिकडं तोंड केलं."

तुम्हाला नाव घेता आलं नाही, साडूभाऊ? 'गुरुजी आलेत का', तीन शब्द. लातूरहून कोण कोण आलंय! लातूरहून दुसरं कोण येणार होतं, कलेक्टर? तुमचा हा ताठा मला तेव्हाही चीड आणत होता, आजही आणतो. मी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवलं. पिशवीही भरली. गाडी लोह्याच्या पुढे आली तेव्हा मंगलचा फोन आला. मी उचलला, आणि ती नुसतीच रडत होती.

क्लबनं ग्राउंडवर शोकसभा ठेवली. तुमचा फोटो खुर्चीवर, हार घातलेला, आणि एकेक जण माइक घेऊन तुम्हाला बरोबर ठरवत होता. आदित्यही खाली मान घालून बसला होता, बिचारा. सचिव म्हणाले, व्यंकटरावांचं ऐकलं असतं तर आज क्लब कुठल्या कुठे असता. हे सचिव निवेदनाच्या फोटोत माझ्या शेजारी आहेत. मला राहवलं नाही. उठलो आणि माइक घेतला.

"व्यंकटराव चूक होते," मी म्हटलं. "आदित्यच्या पद्धतीनं आपण दोन मोसम कमी गोल खाल्ले. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ते असते तर आत्ता माझ्याशी भांडले असते. तुम्ही मान डोलवताय. तुम्ही त्यांना खरंच मारून टाकलंत."

गलका झाला. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, लाज वाटू द्या." तुमच्या चुलतभावानं माइक काढून घेतला. शोभा मात्र माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

सभा संपल्यावर मी एकटाच लिंबाखाली उभा होतो. हबीब उस्ताद काठी टेकत आले. निवेदनानंतर मी त्यांच्यासमोर कधी गेलो नव्हतो. म्हटलं आता यांचंही ऐकून घ्यावं. मी हात जोडले. "उस्ताद, तो कागद मी लिहिला होता. माफ करा."

"मालूम है. पेपर में नाम था ना तुम्हारा." ते पायरीवर बसले. "पर वो कागज से कुछ नै हुआ, गुरुजी. मैं खुद बोला था कमिटीवालों कू. मेरे घुटने नै चलते, दुसरा देखो. तुम्हारे कागज के एक महिना पैले. वो लातूर का छोकरा तय हो गया था."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"तुम दोनों मेरे नाम पे तीन साल लडे. मेरेकू एक बार पूछे क्या, उस्ताद तुम्हारा क्या कैना है?" त्यांना खरोखर राग आला होता. मग आवाज खाली आला. "व्यंकटराव कू मैं बताया था. पेपर में फोटो आया उसके दुसरे दिन. हसे. बोले, गुरुजी कू नक्को बोलो. उनो बहोत खुश हैं."

साडूभाऊ, म्हणजे औशाला पाटावर बसताना तुम्हाला हे ठाऊक होतं! मी घास घेऊन निवेदनाची फुशारकी मारत होतो, माझ्या कागदानं कोच बदलला म्हणून सांगत होतो, आणि तुमच्याकडे एक वाक्य होतं. एकच. ते टाकलं असतंत तर मी त्या पंगतीत भुईसपाट. मी तुमची ती फायनल काढली, तेव्हाही तुमच्याकडे ते वाक्य होतं. गोल रिकामा होता आणि बॉल तुमच्या पायाशी होता. तुम्ही ताटात हात धुतलात आणि उठलात.

याचा अर्थ मी काय लावायचा? माझी कीव केलीत? की मी कसा उघडा पडतो ते मनातल्या मनात बघून हसत होतात? मला दुसरं खरं मानायचंय, कारण त्याच्यावर चिडता येतं. पहिल्याचं काय करायचं ते मला कळत नाही. लातूरला आल्यावर शोकेसमधलं कात्रण काढायला गेलो. मंगल म्हणाली, "राहू द्या. भाऊजींनी राहू दिलं ना." मग तसंच ठेवलं.

परवा औशाहून सासूबाईंचा फोन आला. धोंड्याचा महिना लागायला आता थोडेच दिवस राहिलेत. मी म्हटलं बोलावणार असतील. त्या म्हणाल्या, "जावई, यंदा धोंडे न्हाईत. शोभीकडं बघून मी कोणत्या हातानं पुरण वाटू? आन पुढल्या धोंड्याला मी हाय का न्हाई, कुणाला ठावं." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि मग कळलं की ते दोन पाट आता कधीच मांडले जाणार नाहीत. तीन वर्षं मी ज्या जेवणाची वाट बघत होतो ते नाहीच. तिथे काय बोलायचं ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. आधी तुमच्या ताटात तुपाची वाटी ठेवायची, मग बोलायचं.

काल रविवार होता. मी नांदेडला गेलो. आधी तुमच्या घरी गेलो, शोभानं चहा केला, तो प्यालो. मग ग्राउंडवर. पाय सवयीनं लिंबाकडे वळले, पण मी पुढे गेलो आणि मागच्या भिंतीवर चढलो. गुडघे दुखले. तुमच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मीही बसलो नाही, माझ्या जुन्या जागेवर बसलो, तुमच्या डावीकडे. विसरलोच होतो, तिथून रेघ दिसत नाही. दिसतात फक्त आपल्याकडे धावत येणारी माणसं, आणि त्यांच्या आणि आपल्या मधे उभ्या असलेल्या चौघांच्या पाठी.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा नऊ नंबर आपल्या दोन मधल्या बॅकच्या बरोबर मधून निघाला. एकानं दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्यानं पहिल्याकडे बघितलं. दोघंही आपापल्या जागेवर, दोघांचीही चूक नाही, दोघंही वाट बघत की दुसरा म्हणेल, मी घेतो. मी भिंतीवर उभा राहिलो आणि सगळं अंग गोळा करून ओरडलो, "अरे बोला! बोला ना रे एकमेकांशी!" अख्खं ग्राउंड मागे वळून बघायला लागलं. आदित्यनं बाकावरून मान वर केली. ती दोघं पोरंही थबकली, आणि नऊ नंबर मधून निघून गेला.

गोल झाला. मी खाली बसलो, आणि माझ्या उजवीकडची जागा रिकामी आहे हे माहीत असूनसुद्धा तिकडे बघितलं, तुम्ही हात वर केलेत का ते बघायला.

आदित्यची पद्धत चूक नाही, साडूभाऊ, तुम्ही चूक होतात, हे मी आजही म्हणतो. पण औशाला तुम्ही एक प्रश्न विचारला होता आणि मी तुम्हाला उत्तर द्यायच्या ऐवजी तुमचं ताट काढून घेतलं. दोघं बोलले नाहीत तर गोल होतो. एवढंच उत्तर होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.